गळतीचा टक्का नको, घनमीटरचा हिशेब मागा: पाणीपुरवठा मंत्र्यांना खुले पत्र

माननीय पाणीपुरवठा मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्यासमोर येणाऱ्या प्रत्येक आढाव्यात गळतीचा एक आकडा असतो आणि तो टक्क्यांत असतो. त्याच टक्क्यावर कुणाला शाबासकी मिळते, कुणाला नोटीस जाते आणि जलवाहिन्या बदलण्याच्या योजना मंजूर होतात. आमची विनंती एवढीच की यापुढे हा टक्का स्वीकारू नका. घनमीटरमधला हिशेब मागा, आणि तो किती खात्रीचा आहे हेही सोबत लिहून मागा.

टक्का का नको, ते एका उदाहरणातून पाहा. एका व्यवस्थेत रोज ४०,००० घनमीटर पाणी सोडले जाते, ३०,००० घनमीटरचा वापर नोंदला जातो आणि १०,००० हरवते. म्हणजे तूट २५ टक्के. उद्या रोज १०,००० घनमीटर घेणारा एखादा कारखाना बंद पडला, तर ३०,००० सोडून २०,००० चा वापर नोंदला जाईल. वाहिन्यांतून तेच १०,००० घनमीटर जात असतील, पण टक्का ३३ वर जाईल. उलट तेवढाच मोठा ग्राहक नव्याने जोडला, तर तो २० वर येईल आणि अभिनंदनाचा ठरावही होईल. दोन्ही वेळा जमिनीखाली काहीच बदललेले नाही.

आंतरराष्ट्रीय जल संघटनेने २००० साली मांडलेला जलताळेबंद यासाठीच आहे. व्यवस्थेत आलेले एकूण पाणी एका बाजूला, अधिकृत वापर दुसऱ्या बाजूला आणि उरते ती तूट. या तुटीचे दोन भाग पडतात. प्रत्यक्ष तूट म्हणजे वाहिनीतून, नळजोडणीतून आणि टाकीच्या ओव्हरफ्लोमधून जमिनीत वा गटारात गेलेले पाणी. आभासी तूट म्हणजे वापरले गेलेले, पण मीटरने कमी दाखवलेले, चोरीच्या जोडणीने नेलेले किंवा देयकाच्या संगणकात हरवलेले पाणी. पहिलीला पाना आणि फावडे लागते, दुसरीला मीटर आणि नोंदवही. दोन्ही एकाच शब्दात गुंडाळल्या की मीटरच्या रोगावर नवी वाहिनी टाकली जाते.

ताळेबंदाची सुरुवात ग्राहकापासून करू नये. सुरुवात जलशुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या मोठ्या मीटरपासून करावी, कारण तिथली चूक खालच्या प्रत्येक ओळीत उतरते. वर दिलेल्या उदाहरणात आलेले पाणी आणि नोंदलेला वापर या दोन्ही आकड्यांत ५ टक्के अनिश्चितता धरा. म्हणजे अनुक्रमे २,००० आणि १,५०० घनमीटर. त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ येते २,५००. तूट १०,००० नसून ७,५०० ते १२,५०० च्या दरम्यान कुठेतरी आहे. अशा ताळेबंदावर ‘यंदा गळती दोन टक्क्यांनी घटली’ असे लिहिणे म्हणजे निव्वळ धाडस.

मोठा मीटर तपासायला महागडी यंत्रणा लागतेच असे नाही. मीटरनंतर साठवण टाकी असेल, तर टाकीचा बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करावा, पाणी आत घ्यावे आणि पातळी किती चढली ते मोजावे. २० मीटर बाय १५ मीटरच्या टाकीत पातळी ४० सेंटिमीटर चढली, तर १२० घनमीटर आले. मीटर १११ दाखवत असेल, तर तो साडेसात टक्के कमी मोजतो आहे. मात्र आधी आत येणारा आणि बाहेर जाणारा असे दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवून तासभर पातळी पाहावी. जुना व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसेल तर चाचणीच खोटी ठरते, आणि तो बऱ्याचदा बसत नाही. विद्युतचुंबकीय मीटर चुकण्याची कारणेही ठरलेली आहेत. बेंड किंवा व्हॉल्व्हला चिकटून बसवलेला, आधी वाहिनीच्या व्यासाच्या किमान पाचपट सरळ लांबी नसलेला, वाहिनी अर्धी रिकामी वाहत असलेला, प्लास्टिकच्या वाहिनीवर अर्थिंग रिंग (पाण्याला विद्युत भूसंपर्क देणारे धातूचे कडे) न लावलेला. हे सगळे स्थळपाहणीत दिसते. कागदावरचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र मात्र प्रयोगशाळेतल्या चाचणी-बेंचवरच्या मीटरचे असते, खड्ड्यात बसवलेल्या मीटरचे नाही.

ग्राहकांच्या मीटरकडे वळताना घरातल्या टाकीचा विचार आधी करावा. टाकी भरत आली की पाणी बंद करणारा फ्लोट व्हॉल्व्ह हळूहळू मिटत जातो तसा प्रवाह इतका बारीक होतो की यांत्रिक मीटरचा काटा हलतच नाही. जुन्या ब वर्गाच्या १५ मिलिमीटर मीटरची किमान मापनमर्यादा तासाला ३० लिटर आहे. त्याखालच्या प्रवाहाच्या मोजणीची हमी नाही. म्हणून वेगवेगळ्या वयाचे आणि बनावटीचे मीटर नमुन्याने काढून बेंचवर कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन प्रवाहांवर तपासावेत आणि सरासरी चूक ग्राहकांच्या वापराच्या ढंगानुसार भारित करून काढावी. खंडित पुरवठ्यात उलटी गंमतही होते. पाणी येण्याआधी वाहिनीतली हवा मीटर फिरवते आणि ग्राहकाला हवेचे बिल येते.

देयकाच्या नोंदींकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. मोठ्या मीटरचे वाचन दहाने गुणायचे राहून जाते. बंद मीटरला वर्षानुवर्षे जुनी सरासरी लावली जाते. देयक दोन महिन्यांचे आणि उत्पादन एका महिन्याचे, अशी तुलना होते. एकाही रस्त्याला हात न लावता हे सुधारता येते, म्हणून ते आधी करावे.

आता प्रत्यक्ष गळतीकडे. ३ मिलिमीटरच्या भोकातून ३० मीटर दाबाला (म्हणजे ३० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढ्या दाबाला) दिवसाला जवळपास ९ घनमीटर पाणी जाते. रस्त्यावर कारंजे उडवणारी फुटलेली वाहिनी तासाला ३० घनमीटर घालवते, पण बोभाटा होऊन सहा तासांत दुरुस्त होते. हिशेब १८० घनमीटर. फेरूलपाशी, म्हणजे नळजोडणी मुख्य वाहिनीला जिथे जोडतात तिथे, तासाला अर्धा घनमीटर झिरपणारी जोडणी सहा महिने कुणाला कळत नाही. हिशेब २,१६० घनमीटर. गळतीचा आकार जेवढा महत्त्वाचा, तेवढेच तिचे आयुष्यही. कळायला किती दिवस, सापडायला किती, दुरुस्तीला किती, असे तीन वेगळे रकाने प्रत्येक कामाच्या नोंदीत असावेत. बहुतेक ठिकाणी फक्त तिसराच असतो.

शोध घ्यायचा तर जाळ्याचे ५०० ते ३,००० जोडण्यांचे विभाग पाडावे लागतात, प्रत्येकाला शक्यतो एकच प्रवेश आणि त्यावर मीटर. विभाग खरोखर बंद झाला का, हे शून्यदाब चाचणीने कळते. सीमेवरचे सगळे व्हॉल्व्ह आणि प्रवेश बंद करून आतला एक हायड्रंट (अग्निशमनाचा नळ) उघडावा. दाब शून्यावर आला नाही, तर नकाशात नसलेली वाहिनी किंवा न बसणारा व्हॉल्व्ह कुठेतरी पाणी देतो आहे. ही चाचणी न करता काढलेले विभागाचे आकडे वाया जातात.

चोवीस तास पुरवठ्यात रात्री दोन ते चारचा किमान प्रवाह मोजून, त्यातून रात्रीचा खरा वापर वजा केला की गळती हाती येते. खंडित पुरवठ्यात हे चालत नाही, कारण पाणी आले की घरोघरच्या टाक्या भरत असतात. तिथे एका छोट्या भागातले घरजोडण्यांवरचे सगळे स्टॉपकॉक (पाणी बंद करण्याच्या चाव्या) बंद करावेत, नेहमीच्या दाबाने पाणी सोडावे आणि तरीही आत जात राहणारा प्रवाह मोजावा. आणखी एक फसवा आकडा इथेच जन्मतो. दिवसातून चार तास पाणी देणारी व्यवस्था तासाला २० घनमीटर गळत असेल, तर दिवसाची गळती ८० दिसते. तोच दाब ठेवून चोवीस तास पुरवठा सुरू केला, तर ती ४८० होईल. म्हणून पुरवठ्याचे तास न लिहिता गळतीची तुलना करू नये. शिवाय पाणी बंद झाल्यावर त्याच भोकांतून गटाराचे पाणी आत येते. ते कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही.

बिडाच्या वाहिनीवर ध्वनिकाठी (गळतीचा आवाज कानाने ऐकण्याची काठी) आणि कोरिलेटर (दोन सेन्सरपर्यंत तो आवाज पोहोचण्याच्या वेळेतल्या फरकावरून गळतीची जागा काढणारे यंत्र) चांगले काम करतात. प्लास्टिकमध्ये आवाज लवकर विरतो, त्यामुळे सेन्सर एकमेकांच्या जवळ ठेवावे लागतात. कोरिलेटरला वाहिनीची लांबी किंवा जात चुकीची दिली, तर तो बिनचूक आत्मविश्वासाने चुकीच्या जागी खड्डा खणायला लावतो.

सर्वांत लवकर फळ देणारा उपाय दाबाचा आहे. सरासरी दाब ४० वरून ३० मीटरवर आणला, तर धातूच्या वाहिनीतल्या पक्क्या भोकांची गळती सुमारे १३ टक्के घटते, प्लास्टिकमधल्या उघडणाऱ्या भेगांची सुमारे ३५ टक्के, आणि मिश्र जाळ्यात साधारण २५ टक्के. नव्या फुटीही कमी होतात. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनच्या खायेलित्शा वस्तीत २००१ साली दाब नियंत्रण सुरू झाले आणि वर्षाला सुमारे २ कोटी २० लाख घनमीटर जाणारे पाणी जवळपास ९० लाख घनमीटरने घटले. तिथे मुख्य गळती घरांतल्या नादुरुस्त जोडसामानातून थेट सांडपाण्यात जात होती. दाब कमी करणाऱ्या व्हॉल्व्हच्या आधी गाळणी, दोन्ही बाजूंना बंद करण्याचे व्हॉल्व्ह आणि बायपास हवाच. गाळणी साफ करायला माणूस नेमला नाही, तर व्हॉल्व्ह चालवणारी बारीक पायलट नळी तुंबते, लोक ओरडतात, कुणीतरी बायपास उघडतो आणि तो उघडाच राहतो.

तुलनेसाठी अपरिहार्य गळतीचे सूत्र वापरावे: जलवाहिन्यांचे किलोमीटर गुणिले १८, अधिक जोडण्या गुणिले ०.८, या बेरजेला मीटरमधल्या सरासरी दाबाने गुणले की दिवसाचे लिटर मिळतात. मीटर घराच्या हद्दीपासून आत असेल, तर त्या आतल्या लांबीच्या किलोमीटरमागे २५ आणखी धरावे. २०० किलोमीटर, २०,००० जोडण्या, हद्दीवर मीटर आणि ३० मीटर दाब असेल, तर ५८८ घनमीटर येतात. उत्तम राखलेले जाळेही एवढे गळणारच. प्रत्यक्ष तूट ७,००० असेल, तर ती अपरिहार्य गळतीच्या सुमारे बारापट आहे आणि जोडणीमागे दिवसाला ३५० लिटर. हे दोन आकडे कारखाना बंद पडल्याने बदलत नाहीत.

म्हणून आमची मागणी अशी. पुढील आर्थिक वर्षापासून जलवाहिनी बदलण्याच्या प्रत्येक प्रस्तावाच्या पहिल्या पानावर आलेले पाणी, नोंदलेला वापर, आभासी तूट आणि प्रत्यक्ष तूट घनमीटरमध्ये असावी, प्रत्येकापुढे अनिश्चितता, आणि खाली सरासरी दाब व पुरवठ्याचे तास. मोठ्या मीटरची जागेवरची चाचणी बारा महिन्यांहून जुनी असेल, तर प्रस्ताव परत पाठवावा. पहिल्या वर्षी बहुतेक ठिकाणी तूट वाढलेली दिसेल. त्यासाठी कुणालाही नोटीस काढू नये, नाहीतर दुसऱ्या वर्षी मीटर पुन्हा गप्प होतील.

आपले,
पाणीपुरवठ्यात काम करणारे काही अभियंते आणि मीटर तंत्रज्ञ