परिषद संपली, सोमवारी पहिली गोळी कोण देणार?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

हेरॉइन, फेंटानिल, अफू आणि वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनावरचे उपचार जास्त लोकांपर्यंत कसे न्यावेत, यावर भरणाऱ्या डॉक्टरांच्या परिषदांच्या बातम्या आपल्या अंकात अधूनमधून येतात. किती तज्ज्ञ आले, उद्घाटन कोणी केलं, कोणता ठराव झाला, एवढं त्यातून कळतं. मी तीस वर्षं परिचारिका आहे आणि त्यातली शेवटची बारा वर्षं याच रुग्णांमध्ये गेली. अशा परिषदांना मीही जाते. तिथे पुष्कळ शिकले आणि पुढेही जाणार आहे. पण एक प्रश्न या बातम्यांत मला कधी दिसला नाही: सभागृहात बसलेल्या डॉक्टरांपैकी किती जणांनी पुढच्या सोमवारी आपल्या दवाखान्यात एका तरी रुग्णाचा उपचार सुरू केला?

हा प्रश्न मला का टोचतो, ते सांगते. मी अपघात विभागात होते तेव्हाची गोष्ट. रात्री दोनच्या सुमारास पंचविशीचा एक मुलगा स्वतःच्या पायांनी आत आला. दंडावर काटा उभा राहिलेला, जांभयांवर जांभया, नाक-डोळे वाहत होते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. पाय एका जागी ठरत नव्हते. नशा न मिळाल्याने होणाऱ्या या त्रासाला रुग्ण 'टर्की' म्हणतात. म्हणाला, "सिस्टर, सकाळपासून घेतलं नाही. आता काहीतरी द्या, नाहीतर मी परत तिकडेच जाईन."

ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे या व्यसनाची तलफ शमवणारी गोळी, सुरू करायची नेमकी हीच वेळ असते. शरीरात हेरॉइनचा अंमल असताना ही गोळी दिली तर ती त्याला एकदम बाजूला सारते आणि रुग्णाचे भयंकर हाल होतात. म्हणून त्रास चांगला सुरू होईपर्यंत थांबावं लागतं, आणि हे थांबणंच बहुतेकांना जमत नाही. या मुलाने ते एकट्याने, कोणी न सांगता, दिवसभर दात-ओठ खाऊन केलं होतं. औषध त्याच इमारतीत दोन मजले वर कुलपात होतं. ते लिहून देऊ शकणारे एकुलते एक डॉक्टर तीन दिवस परिषदेला गेले होते. विषय हाच, उपचारांची उपलब्धता. आम्ही त्याला सलाइन लावलं, उलटीचं इंजेक्शन दिलं आणि एका चिठ्ठीवर अकरा दिवसांनंतरची तारीख लिहून दिली. त्याने ती चिठ्ठी चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवली. त्या तारखेला तो आला नाही.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. ते एकटेच होते, आणि अडचण हीच आहे. त्या परिषदेत त्यांच्यासारखे शंभर जण जमले असतील तर ते शंभरही आपापल्या ठिकाणी एकटेच असणार. ज्यांना हे काम येतं तेच पुन्हा पुन्हा भेटतात. ज्यांच्या दारात असा मुलगा रात्री येऊन उभा राहतो, तो अपघात विभागातला डॉक्टर, गल्लीतला जनरल प्रॅक्टिशनर, औषधविक्रेता, तुरुंगातला वैद्यकीय अधिकारी, यांना निमंत्रणच जात नाही.

आमच्या त्या चिठ्ठीचं मोल काय होतं, ते मला नंतर कळलं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी अपघात विभागात आलेल्या, ओपिऑइडचं (हेरॉइन, अफू आणि त्याच जातीच्या वेदनाशामकांचं) व्यसन असलेल्या ३२९ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना उपचार केंद्रांची माहिती देऊन पाठवलं, काहींशी थोडा वेळ समजुतीने बोलून केंद्राशी जोडून दिलं, आणि काहींना बोलण्याबरोबर तिथेच ब्युप्रेनॉर्फिन सुरू केलं. तीस दिवसांनी पहिल्या गटातले ३७ टक्के उपचारात होते, दुसऱ्यातले ४५ टक्के, तिसऱ्यातले ७८ टक्के. माणसं तशीच, आजार तोच. फरक पडला तो त्या रात्री गोळी मिळाल्याने. मी हे आकडे वाचले तेव्हा मला खिशात जाणारी ती चिठ्ठी आठवली.

औषध नवं नाही, हेही सांगायला हवं. व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर या डॉक्टरांनी न्यूयॉर्कमध्ये २२ रुग्णांवर मेथाडोन या याच कामाच्या दुसऱ्या औषधाचा प्रयोग करून १९६५ मध्ये तो प्रसिद्ध केला. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही दोन्ही औषधं जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. म्हणजे औषध काय द्यायचं, हा वाद केव्हाच मिटला आहे. ते कोण देणार आणि कुठे देणार, तिथे गाडं अडतं.

फ्रान्सने १९९०च्या दशकाच्या मध्यावर ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्याची मुभा साध्या जनरल प्रॅक्टिशनरला दिली. वेगळा परवाना नाही, खास केंद्र नाही. १९९५ ते १९९९ या काळात तिथे अतिसेवनाने होणारे मृत्यू ७९ टक्क्यांनी कमी झाले. अमेरिकेने उलटी वाट धरली. तिथल्या २००० सालच्या कायद्याने साध्या दवाखान्यातून उपचाराला परवानगी दिली खरी, पण डॉक्टरला आठ तासांचं प्रशिक्षण, वेगळी मंजुरी आणि सुरुवातीला तीसच रुग्णांची मर्यादा घातली. दुखण्यासाठी ओपिऑइड लिहून द्यायला त्याच डॉक्टरला अशी कुठलीही अट नव्हती! व्यसन लावू शकणारं औषध सहज लिहिता येत होतं, व्यसनातून बाहेर काढणाऱ्याला मात्र कुंपण. ही मंजुरीची अट अखेर डिसेंबर २०२२ मध्ये रद्द झाली.

तरी अट गेल्याबरोबर तिथे उपचार घेणाऱ्यांची संख्या भरभर वाढली, असं झालं नाही. माझ्या मते परिषदांचं खरं काम इथूनच सुरू होतं. कागदावरची अट सरकार काढू शकतं, डॉक्टरच्या मनातली भीती कशी काढणार? "हे लोक आले की माझे नेहमीचे पेशंट जातील", "काही उलटसुलट झालं तर मला कोण सांभाळणार", "मला हे कधी शिकवलंच नाही", ही वाक्यं मी चहाच्या वेळेत अनेकदा ऐकली आहेत. व्यासपीठावर ती कोणी म्हणत नाही. परिषदेने ती चहाच्या टेबलावरून उचलून व्यासपीठावर न्यायला हवीत, कारण यातली बहुतेक भीती एका दुपारी जाण्यासारखी आहे. त्रास किती आहे हे मोजायचा अकरा मुद्द्यांचा तक्ता असतो: नाडी, घाम, बाहुल्या, जांभया, अंगावरचा काटा वगैरे. तो भरायला दहा मिनिटंही लागत नाहीत. मी नव्या परिचारिकांना तो दोन-तीन रुग्णांवर भरून दाखवते आणि चौथा त्या स्वतः भरतात. हेच काम डॉक्टरांच्या परिषदेत का होऊ नये? दिवसभराच्या सहा भाषणांतली तीन कमी करा आणि पहिली गोळी कशी द्यायची, हे हाताने करून पाहू द्या.

परिषदेहून घरी परतल्यावर अडलं तर कोणाला विचारायचं, याचीही सोय हवी. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमध्ये संजीव अरोरा या यकृततज्ज्ञांनी २००३ मध्ये 'इको' नावाचा उपक्रम सुरू केला. सुरुवात हिपॅटायटिस सीपासून झाली आणि पुढे व्यसनांसाठीही तीच पद्धत वापरली गेली. लांबच्या गावांतले डॉक्टर ठरलेल्या वेळी व्हिडिओवर जमतात, आपला एखादा रुग्ण मांडतात आणि तज्ज्ञ व सहकारी मिळून मार्ग काढतात. रुग्ण आपल्या डॉक्टरकडेच राहतो. वर्षातून एकदा तीन दिवस जमण्यापेक्षा दर आठवड्याला तासभर असं जमलेलं मला जास्त मोलाचं वाटतं. दोन्ही होत असेल तर सोन्याहून पिवळं.

"एक व्यसन सोडवून दुसरं लावायचं का?" हा प्रश्न नातेवाईक विचारतात, तसा डॉक्टरही विचारतात. मी त्यांना रुग्णाचा दिवस बघायला सांगते. हेरॉइनवर असलेल्या माणसाचा अख्खा दिवस पुढच्या डोसभोवती फिरतो. पैसे कुठून आणू, माल कुठून आणू, तो उतरायच्या आत पुन्हा कसा मिळवू, याच्यापुढे त्याचं डोकं जात नाही. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सकाळी जिभेखाली ठेवली, विरघळेपर्यंत पाच-दहा मिनिटं गप्प बसला, की तो कामावर जातो. तलफ शमते, नशा चढत नाही, आणि ठरावीक मात्रेपुढे गोळीचा परिणाम वाढत नाही. गोळ्या बाहेर विकल्या जातात, ही तक्रार खोटी नाही. मी स्वतः गालात दडवलेली गोळी काढायला लावली आहे. पण त्याचा इलाज नीट देखरेख हा आहे. त्यासाठी दार बंद करणं चूक आहे.

औषध नको, नुसतं समुपदेशन पुरे, असं म्हणणाऱ्यांसाठी स्वीडनचा २००३ मधला एक अभ्यास सांगते. चाळीस रुग्ण होते. समुपदेशन आणि आधार सगळ्यांना सारखाच दिला. वीस जणांना वर्षभर ब्युप्रेनॉर्फिन मिळालं, बाकीच्या वीस जणांचं औषध सहा दिवसांत कमी करत थांबवलं. वर्षाअखेर पहिल्या गटातले ७५ टक्के उपचारात टिकले होते, दुसऱ्या गटातला एकही नाही. दुसऱ्या गटातले चौघे त्या वर्षात दगावले. काही दिवस न घेतल्याने शरीराची सवय मोडते आणि मग पूर्वीचाच डोस जिवावर बेततो. तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे म्हणूनच फार धोक्याचे असतात. तुरुंगाच्या डॉक्टरांना परिषदेत पहिल्या रांगेत बसवा असं मी म्हणते ते यासाठी.

आणखी एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. एका परिषदेत शेवटच्या सत्रात एका बाईंना बोलायला बोलावलं होतं. चार वर्षं मेथाडोनवर स्थिर, नोकरी करणाऱ्या, दोन मुलांची आई. कार्यक्रम लांबल्याने त्यांची वीस मिनिटांची सहा झाली. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, मागे सामान आवरायचे आवाज येत होते. त्यांनी लिहून आणलेले कागद दुमडले आणि एवढंच सांगितलं, की डोससाठी रोज सकाळी नऊलाच केंद्रावर हजर राहावं लागायचं म्हणून त्यांची आधीची नोकरी गेली, आणि उपचार सोडावा की काय असं त्यांच्या मनात येऊन गेलं. केंद्र सकाळी सातला उघडलं असतं तर? दिवसभर उपचारातल्या अडथळ्यांवर बोलणाऱ्या आम्हा कोणालाच ही साधी गोष्ट सुचली नव्हती. त्या बाईंना सकाळी दहा वाजता बोलायला दिलं असतं तर पुढची सगळी चर्चा बदलली असती.

आता आपल्याकडे दोन मागण्या. बातमीत 'गर्दुल्ले', 'नशेडी' हे शब्द कृपा करून वापरू नका. माझ्याकडे येणारी माणसं हे शब्द वाचतात, त्यांच्या आयाही वाचतात, आणि दवाखान्याची पायरी चढायला त्यांना आणखी एक महिना लागतो. दुसरी मागणी, परिषदेची बातमी छापलीत की सहा महिन्यांनी आपला वार्ताहर पुन्हा आयोजकांकडे पाठवा. आलेल्यांपैकी किती डॉक्टरांनी उपचार सुरू केले, किती औषध दुकानांत ब्युप्रेनॉर्फिन मिळतं, रात्री दोन वाजता अपघात विभागात ते देणारं कोणी आहे का, हे त्याने विचारावं. उत्तर जे मिळेल ते उद्घाटनाच्या बातमीइतक्याच जागेत छापा.

आपली विश्वासू,
एक परिचारिका
(रुग्णांची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)