तात्याच्या डॉक्टर मॅडमना, भांडुपहून

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

समोर येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो, त्यात काय" म्हणता आणि पुढच्या पेशंटला आत बोलावता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. इथे तुम्हाला मला मधेच तोडता येणार नाही.

तात्या बरा आहे. खातो, भांडतो आणि मुख्य म्हणजे व्यवस्थित शू करतो. या शेवटच्या बातमीचा आनंद ज्यांच्या घरी बोका आहे त्यांनाच कळेल, बाकीच्यांनी हसून घ्यावं.

आमच्याकडे तात्याची शी-शूची वाळूची पेटी रोज सकाळी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, साफ करतात. वाळूत किती गोळे निघाले, केवढे निघाले, याचा हिशोब त्यांच्या डोक्यात पक्का असतो. त्या दिवशी वाळू कोरडीच निघाली. तात्या पेटीत जाऊन बसायचा, कुंथायचा, बाहेर यायचा, मागचा भाग चाटत राहायचा आणि परत पेटीत. आईंनी तिथल्या तिथे निदान करून टाकलं, "ह्येका मुताक होणा नाय." मालवणीत केलं असलं तरी निदान बरोबर होतं, हे पुढे तुम्हीच सांगितलंत.

तुमच्याआधी आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्यांचं नाव घेत नाही. इच्छा फार आहे, पण नाही घेत. त्यांनी तात्याला पिंजऱ्यातून बाहेरसुद्धा काढलं नाही. कुंथतोय ना, मग बद्धकोष्ठ. जुलाबाचं सिरप आणि वर अँटिबायोटिकच्या गोळ्या. आई परत परत सांगत होत्या की शी होतेय, शू होत नाहीये. त्यावर उत्तर काय, तर "आजी, तुम्ही जरा बाहेर बसा बघू." पोटाला हात लावायला किती वेळ लागतो हो? फी घेण्याइतकाही लागत नसेल.

रात्री तात्या ओरडायला लागला तेव्हा दुसऱ्या एका ठिकाणी फोन केला. उद्या अकराची अपॉइंटमेंट मिळेल म्हणाले. बाहेर धो धो पाऊस, कुर्ला-सायनला रुळांवर पाणी. परळचं जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल आईंना माहेरच्या दिवसांपासून ठाऊक, पण त्या पावसात भांडुपहून परळ म्हणजे परदेशच. १८८६ पासून परळला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, आणि तरी रात्री मांजर अडलं तर उपनगरातल्या माणसाने जायचं कुठे, हा प्रश्न आहे तो आहेच. तेवढ्यात सोसायटीतल्या एका हुशार गृहस्थांनी पाव गोळी पॅरासिटामॉल द्यायचा सल्ला दिला. आईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. मांजराच्या यकृताला ते औषध पचवताच येत नाही, एका गोळीनेही जीव जाऊ शकतो, हे मला तुमच्याकडून नंतर कळलं.

तुमचा नंबर कोणीतरी दिला आणि फोन तुम्ही स्वतः उचललात. "बोका आहे की मांजरी?" आणि "शेवटची शू कधी केली?" एवढंच विचारलंत. मग म्हणालात, "लगेच निघा. सकाळची वाट बघू नका."

पण हे पत्र मी लिहितेय ते पुढच्या गोष्टीसाठी. तात्याला टेबलावर ठेवायच्या आधी तुम्ही त्या गार स्टीलवर टॉवेल अंथरलात. मग आमच्याकडे वळून विचारलंत, "घरी वाळू कोण साफ करतं?" आम्ही दोघं नवराबायको एकमेकांकडे बघायला लागलो. आई भिंतीपाशी उभ्या होत्या, पदर भिजलेला, आधीच्या अनुभवाने गप्प. तुम्ही त्यांना टेबलाजवळ बोलावलंत आणि सगळं त्यांच्याकडूनच ऐकून घेतलंत. मधे एकदाही "हो हो" म्हणून घाई केली नाहीत. मग त्यांच्या उजव्या हाताची बोटं धरून तात्याच्या पोटावर, मागच्या पायांच्या थोडं पुढे, हलकेच टेकवलीत. "दाबायचं नाही हं आजी, फुटू शकते. नुसतं लागतंय का बघा." आत मोसंबीसारखी कडक, गच्च भरलेली मूत्राशयाची पिशवी होती. आईंचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता. "म्हणजे मी सांगत होतंय ता बरोबर?" "शंभर टक्के बरोबर," तुम्ही म्हणालात, "तुम्ही सांगितलंत तेव्हाच हे ऐकायला हवं होतं कोणीतरी."

त्या वाक्यानंतर मला रडू आलं, तात्याला सलाइन लावलं तेव्हा नाही.

पुढे तुम्ही काय काय केलंत ते मला नीटसं कळलंही नाही, भूल देऊन नळी घातलीत एवढं समजलं. पण समजावून सांगितलंत ते पक्कं लक्षात आहे. बोक्याची मूत्रनलिका मांजरीपेक्षा लांब आणि अरुंद, त्यामुळे खडे आणि चिकट स्राव यांचा बारीकसा बूच बसला तरी सगळं अडतं. मग रक्तात पोटॅशियम चढतं, हृदयाचे ठोके मंदावतात आणि २४ ते ४८ तासांत सगळं संपू शकतं. म्हणजे अकराच्या अपॉइंटमेंटला आम्ही कदाचित रिकामा पिंजरा घेऊन गेलो असतो. तरुण मांजरांत हा त्रास जंतुसंसर्गाने क्वचितच होतो, तेव्हा त्या अँटिबायोटिकचाही उपयोग शून्य. खर्चाचा आकडा तुम्ही सुरुवातीलाच कागदावर लिहून दिलात, आणि हे पुन्हा अडू शकतं, पहिले काही दिवस तर जास्तच, हेसुद्धा लपवलं नाहीत.

घरात अलीकडे काही बदललंय का, हाही प्रश्न तुमचाच. मला वाटलं गप्पा मारताय. आमच्या शेजारची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, सकाळी आठपासून ब्रेकरचा आवाज, खिडकीच्या काचा थरथरतात. तात्या दिवसभर कपाटावर. ताणाने मांजराच्या मूत्राशयाला सूज येते हे मला खरंच माहीत नव्हतं. आता पेटी मागच्या खोलीत गेलीय आणि दुसरीही आणलीय, कारण मांजरं जितकी त्याहून एक पेटी जास्त हवी असं तुम्ही बजावलंत. कोरडं खाणं जवळपास बंद, पाकिटातलं ओलं सुरू. पाण्याचे वाडगे घरभर, त्यातल्या एकात परवा माझ्या नवऱ्याचा पाय गेला. खडे स्ट्रुव्हाइट नावाच्या क्षाराचे निघाले म्हणून खास आहाराने विरघळतील, ऑक्झलेटचे असते तर काढावेच लागले असते, हे ऐकून आम्हीही जरा विरघळलो. सुके बोंबील मात्र बंद म्हणालात, त्याचं दुःख तात्यापेक्षा आईंनाच जास्त आहे.

त्या रात्रीचा रिक्षावालाही आठवतो. गल्लीत पाणी होतं तरी तो थांबून राहिला आणि वेटिंगचे पैसे घेईना. "मांजर जगलं का तेवढं सांगा," म्हणाला. शहराला शिव्या आपण रोजच घालतो, मीही घालते, उद्या परत घालीन. पण अशी माणसंही याच शहरात आहेत, आणि ती नेमकी कुठलीही पाटी न लावता बसलेली असतात. केस पेपरवर तुम्ही पेशंटच्या नावापुढे "तात्या" आणि खाली "माहिती देणार" म्हणून आईंचं पूर्ण नाव लिहिलंत. त्यांनी तो कागद फाइलमध्ये ठेवू दिलेला नाही, देवघराच्या खणात ठेवलाय.

शुक्रवारी लघवी तपासायला तात्याला घेऊन येतोय. आई येणारच आहेत, कारण तब्येतीचा अहवाल त्या स्वतः देणार. सोबत डब्यात घावणे असतील. "त्यात काय" म्हणून परत करू नका, त्या ऐकत नाहीत.

तुमची,
तात्याची धाकटी मालकीण