बुंध्याशी राबणाऱ्यांनो, आभार

फेब्रुवारी-मार्चमध्ये विक्रोळीच्या महामार्गाकडेचा गुलाबी टॅबेबुया, एप्रिलपासून बहावा आणि तामण, मेमध्ये गुलमोहर. मुंबईत फिरायला निघालेल्याला हे सगळं फुकट दिसतं. ज्यांच्यामुळे दिसतं त्यांची नावं कुठेच नसतात.

सगळ्यात आधी आभार बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडणाऱ्यांचे. तेही छिन्नी-हातोडीनं! ब्रेकर लावला की वरवरची मुळं तुटतात, आणि एका बाजूची मुळं गेलेला गुलमोहर पावसाळ्यातल्या वाऱ्यात आडवा होतो. खोडाच्या चहूबाजूंनी निदान दोन-तीन फूट माती मोकळी हवी, नाहीतर पाणी आणि हवा मुळांपर्यंत जात नाही. तिथे पालापाचोळा पसरलात, पण खोडाला चिकटू दिला नाहीत, हे खास. ओल धरून राहिली की साल कुजते.

जाहिरातींचे खिळे पकडीनं उपटणारे, रोपाची लोखंडी जाळी खोडात रुतायच्या आत कापणारे, तुम्हीही यातच आलात.

छाटणीवाल्या दादांनो, तामणाच्या झाडाला तुरे येतात नव्या फुटीच्या टोकाला. मार्च-एप्रिलमध्ये सरसकट शेंडे उडवले की राज्यफूल त्या वर्षी विसरायचं. धोक्याची फांदी तेवढी उतरवून बाकीचं झाड सोडलंत, ही नजर सगळ्यांकडे नसते (बऱ्याच कंत्राटांतही नसते).

आणि सफाईच्या ताई-दादांनो, सोनमोहराचा पिवळा सडा आम्हाला फोटोपुरता. गटाराच्या जाळीत तो अडकून पाणी तुंबू नये म्हणून रोज उपसता तुम्ही, आणि न जाळता आळ्यात टाकता.