टेस्टचे मार्क आधी लेकराला कळू द्या

मा. संपादक,
स.न.

परवा तुमच्या पेपरात एका क्लासची पानभर जाहिरात होती, वरपासून खालपर्यंत पोरांचे फोटो आणि प्रत्येकाखाली मार्क. माझी मुलगी बारावीला आहे, मेडिकलच्या नीट परीक्षेचं करतेय. तिनं ते पान काढून घेतलं, काही न बोलता जेवणाच्या डब्याखाली अंथरलं आणि जेवली. मला हसू पण आलं आणि कसंतरी पण झालं, म्हणून हे पत्र.

मी औसा तालुक्यातली. मालक गावाकडं सोयाबीन बघतात आणि मी दीड वर्ष झालं लेकीसोबत इथं लातूरला उद्योग भवनाजवळच्या ट्यूशन एरियात एका रूमवर राहते. बिल्डिंगमध्ये माझ्यासारख्या अजून पाच-सहा आया आहेत, कुणी नांदेडकडची कुणी परभणीकडची. लातूर पॅटर्नचं कौतुक होतं ते काही खोटं नाही, सर लोक मेहनत घेतात, रात्री दहाला डाऊट विचारला तरी सांगतात. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

म्हणणं आहे ते रविवारच्या मेसेजबद्दल. सकाळी टेस्ट होते, १८० प्रश्न, ७२० मार्क, खऱ्या परीक्षेसारखीच, आणि संध्याकाळी सात-साडेसातला पालकांच्या ग्रुपवर पूर्ण बॅचची यादी पडते, नाव, मार्क, रँक. पोरांकडं मोबाइल नसतात (क्लासनीच सांगितलंय देऊ नका) त्यामुळं लेकराला स्वतःचे मार्क आईच्या तोंडून कळतात. म्हणजे खरं तर आईच्या तोंडाकडं बघूनच कळतात, सांगायची वेळच येत नाही.

दिवाळीच्या आधी एका टेस्टला तिला ४१२ पडले, आधीच्या वेळी ४५५ होते. मी यादी बघितली आणि पहिलं वाक्य माझ्या तोंडातून काय निघालं तर, समोरच्या रूममधल्या पोरीला किती आहेत बघ. जेवायला बसलो होतो. ती म्हणाली, मम्मी फिजिक्समध्ये नऊ प्रश्न येत नसताना मारले, सोडले असते तर नऊ तरी वाचले असते. तिला तिची चूक माझ्याआधी माहीत होती, हो. चुकलं की येणारे चार जातात आणि वर एक कापतात, हे मला तिनंच शिकवलेलं. पण मी ऐकून घ्यायच्या मूडमध्येच नव्हते, मी पैशाचं काढलं, रूमभाड्याचं काढलं, पप्पा तिकडं एकटे हातानं करून खातात हे पण काढलं. पोरगी अर्धं ताट ठेवून उठली. पुढच्याच आठवड्यात तिला खालच्या बॅचला टाकलं, तो पण मेसेज ग्रुपवरच आला.

जून २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यातली ती बातमी सगळ्या पेपरांत होती, सराव परीक्षेत मार्क कमी आले म्हणून बापानं मारलं आणि लेक गेली. तेव्हा मी म्हणाले होते असला कसला बाप. मी काही हात उचलला नाही, पण त्या रात्री मला ती बातमी आठवली एवढं मात्र खरं.

मग मी क्लासच्या ऑफिसला जाऊन म्हणलं, माझ्या मुलीचे मार्क ग्रुपवर टाकू नका, आधी तिच्या हातात द्या. तिथले म्हणाले, मॅडम पालकच मागतात, एक रविवार उशीर झाला तर पन्नास फोन येतात. हे पण खरंच आहे, त्यात माझे पण दोन-तीन फोन असतील. पण केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या गाईडलाइनमध्ये स्पष्ट आहे की क्लासनी घेतलेल्या टेस्टचा निकाल जाहीर करायचा नाही, तो गोपनीय ठेवून ज्याचे मार्क घसरतायत त्याला समजून घ्यायचं. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं पण सांगितलं की मार्कांवरून बॅचा पाडणं होईल तितकं टाळा, पोरांना चारचौघांत कमी लेखू नका. मी हे मोबाइलवर दाखवलं तर म्हणाले बघू.

बिल्डिंगमधल्या बायकांना सांगितलं तर त्या माझ्यावरच उलटल्या, पैसे आपण भरतो आपल्याला कळायला नको का? कळू द्या ना, पण सोमवारी कळू द्या. लेकराला एक रात्र तरी मिळू द्या स्वतःचा पेपर स्वतः बघायला, कुठं चुकलं ते शोधायला, रडायचं असेल तर रडायला. मग तिनं येऊन सांगावं. क्लासवाल्यांना हे करायला एक रुपया लागत नाही.

तुमच्याकडं पण एक मागणं आहे. जाहिराती तुम्ही बंद करणार नाही हे कळतंय, पण ती गाईडलाइन मराठीत, साध्या भाषेत, त्याच पानाच्या शेजारी एकदा छापा की. नाही तरी ते पान प्रत्येक रूमवर पोचतंच.

मी सध्या ग्रुप म्यूट केलाय. मागच्या रविवारी तरी साडेआठला उघडून बघितलाच.

माझं नाव छापू नका, पोरीच्या क्लासमध्ये कळेल.

एक आई, लातूर