आयुक्तसाहेब, विद्यार्थ्यांच्या हाती आधी बंद फाइल द्या

प्रति,
मा. आयुक्त, नागपूर महानगरपालिका

महोदय,

नव्या शैक्षणिक धोरणाने एम.ए.च्या दुसऱ्या सत्रात ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग), म्हणजे कार्यालयात प्रत्यक्ष काम करत शिकणे, आणले. 4 क्रेडिट, म्हणजे 120 तास. लोकप्रशासन, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र शिकणाऱ्यांना त्यासाठी महापालिकेहून चांगली जागा नाही. पण हे सत्र येते जानेवारीनंतर, ऐन मार्चअखेरच्या तोंडावर. देयकांच्या धांदलीत कोणत्याही पालिकेत शिकवायला सवड कुणाला? मग मुलगा एक्सेलमध्ये तक्रारी भरतो, मुलगी पीपीटी सजवते आणि दोघांना प्रमाणपत्र मिळते.

रोज 6 तास धरले तर हे जेमतेम 20 दिवस. एवढ्यात एकही काम मागणीपासून देयकापर्यंत बघून होत नाही. म्हणून चालू काम नकोच. पैसे देऊन झालेल्या, लेखापरीक्षणातून गेलेल्या कामाची बंद फाइल द्यावी. समजा, पावसाळी नाली. मागणी कुणाची, अंदाजपत्रक कोणत्या दरसूचीवर, तरतूद अर्थसंकल्पातल्या कोणत्या लेखाशीर्षात, प्रशासकीय आणि तांत्रिक मंजुरीत किती दिवस गेले, कार्यादेश कधी निघाला, मोजमाप पुस्तिकेतली लांबी देयकात तीच आहे का. सगळ्या तारखा एका कागदावर उतरवल्या की फाइल कुठे मुक्कामाला होती ते आपोआप दिसते. मग कनिष्ठ अभियंत्यासोबत टेप घेऊन थेट जागेवर. संविधानाच्या बाराव्या अनुसूचीतले पालिकांच्या कामांचे 18 विषय या मुलांना तोंडपाठ असतात. फाइलवरची टिपणी मात्र कुणी पाहिलेली नसते.

गोपनीयतेची सबब इथे चालायची नाही. पूर्ण झालेल्या कामाचे कागद माहिती अधिकारात कुणीही मागू शकतो. बँक खात्यासारखे खासगी तपशील तेवढे झाकावेत.

पालिकेच्या दहा झोनमध्ये दोन-दोन, असे पहिल्या वर्षी 20 विद्यार्थी पुरेत. तिसऱ्या-चौथ्या सत्रातला संशोधन प्रकल्पही त्याच झोनवर व्हावा, म्हणजे पुढच्या अर्थसंकल्पासाठी झोनच्या मागण्या कशा तयार होतात तेही त्यांना पाहता येईल.

मानधनाचे म्हणाल, तर मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला दरमहा 10,000 रुपये ठरले, पण शिक्षण सुरू असलेल्यांसाठी ती नाही. तरुणांना शासनासोबत काम करू देणाऱ्या मुख्यमंत्री फेलोशिपला वर्षभराचा अनुभव लागतो. तो मिळवायचा कुठे, हाच तर प्रश्न. निदान बसभाडे द्यावे, किंवा घराजवळचा झोन.

विद्यापीठाच्या विभागांना आपले पत्र डिसेंबरच्या आत जावे. जानेवारी उजाडली की मुले दुसरीकडे जागा शोधून मोकळी होतात. आणि फायलींची निवड लेखापरीक्षण विभागाने करावी. झोनवर सोपवली तर सगळ्यात देखणी फाइलच बाहेर येईल.

आपले,
स्थानिक प्रशासनाचे काही अभ्यासक, नागपूर