रविवारी फोनवर सांगायचं राहिलं ते

प्रिय आई, बाबा,

साष्टांग नमस्कार.

रविवारी दादाच्या तोंडून निघून गेलं आणि तुम्हाला कळलं. ते माझ्याकडून कळायला हवं होतं, दादाला काही बोलू नका, त्याला वाटलं मी केव्हाच सांगितलंय. बाबा, तुम्ही फक्त "बरं" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात, आणि आई, तू लगेच भेंडी किती महाग झालीये त्यावर गेलीस. ते "बरं" तेव्हापासून माझ्या मनातून जात नाहीये. फोनवर परत विषय काढायचा धीर झाला नाही म्हणून लिहितेय. दोन रात्री लिहितेय, तेव्हा मागेपुढे झालं तर समजून घ्या.

तर हो. गेल्या नोव्हेंबरात मी इथलं, अमेरिकेचं, नागरिकत्व घेतलं. सौरभमुळे ग्रीन कार्ड लवकर मिळालं होतं, अर्ज कधीही करता आला असता, पण इतकी वर्षं मीच टाळत होते, आणि का टाळत होते ते बाबा तुम्हाला माहितीये. पण ही नोकरी नागरिक असल्याशिवाय मिळत नाही. व्हाइट हाऊसच्या ड्रग पॉलिसी ऑफिसात बजेट आणि कामगिरी तपासायची जागा, सिक्युरिटी क्लिअरन्स लागतो, म्हणजे माझी सगळी पार्श्वभूमी तपासून सरकार परवानगी देतं. मी तीन वर्षं अशाच जागेवर डोळा ठेवून होते. डिसेंबरात सांगणार होते, तर बाबांची अँजिओप्लास्टी झाली, मग वाटलं थोडं बरं वाटू दे, मग मार्चमध्ये जॉइन झाले, मग म्हटलं समोर आल्यावर सांगू, आणि असं करत करत ऑगस्ट उजाडला. चूक माझीच आहे.

आई, त्या दिवशी मी तू दिलेली मोरपंखी साडी नेसून गेले होते. हॉलमध्ये खूप लोक होते, कुणाच्या कडेवर बाळं, एक आजोबा सूट घालून व्हीलचेअरवर. मग शपथ. त्यात एक वाक्य आहे, की आजवर ज्या देशाचे होतो त्या देशावरची निष्ठा पूर्णपणे सोडतो. सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हणायचं असतं. मी म्हटलं, पण तिथे घसा असा दाटला की शेजारच्या बाईनं माझा हात धरला. नंतर जुना पासपोर्ट पाठवावा लागला, तो रद्दचा शिक्का मारून परत आला. बाबा, 2009 ला आपण दोघं पहाटेच्या एसटीनं पुण्याला गेलो होतो तो पहिला पासपोर्ट, तेल लावलेल्या वेणीचा फोटो असलेला, तो आणि हा, दोन्ही देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलेत. टाकले नाहीत आणि टाकणार नाही.

आणि ज्यानं मला जास्त रडवलं ते हे नाहीच. क्लिअरन्ससाठी सव्वाशेच्या वर पानांचा फॉर्म असतो. गेल्या दहा वर्षांत कुठे कुठे राहिले, कोण ओळखतं, सगळं. त्यात नातेवाइकांचं पान येतं. आई-वडिलांचं नाव, जन्मगाव, पत्ता, नागरिकत्व कुठलं, आणि मग, तुमचा या परदेशी व्यक्तीशी संपर्क किती वेळा असतो. परदेशी व्यक्ती म्हणजे तुम्ही! मी "रोज" लिहिलं. रात्री अकराला स्वयंपाकघरात बसून तुमचा साताऱ्यातल्या सदाशिव पेठेतला पत्ता टाइप करत होते आणि हुंदका आवरेना, सौरभ उठून आला.

आता घरच्या गोष्टी, कारण मला माहितीये बाबांच्या डोक्यात काय चालू असेल. रहिमतपूरच्या शेताचं काही बिघडत नाही. ओसीआय कार्डवाल्याला, म्हणजे माझ्यासारख्या परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयाला, शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसानं येऊ शकते, मी नीट विचारून घेतलंय. तसाही मला त्यात वाटा नको, दादा कसतोय तो दादाचाच, मला फक्त विहिरीजवळचं आंब्याचं झाड बघायला यायचंय. मतदान मात्र गेलं, आणि आपण चौघं शाळेत मत द्यायला जायचो आणि येताना भडंग घेऊन यायचो ते आठवून वाईट वाटतं. आणि आई, तुला कुणी ना कुणी सांगणारच की आता नागरिक झालीये म्हणजे आई-वडिलांना घेऊन जाणार. असा अर्ज करता येतो, पण तुम्हाला मनाविरुद्ध इकडे आणायचा विचार माझ्या मनातसुद्धा नाही. तुमचं घर तिथे आहे, तुळस तिथे आहे, बाबांचा सकाळचा अजिंक्यतारा तिथे आहे.

शेजारच्या काकूंनी विचारलं ना, "मनू आता ड्रग्जवाल्यांना पकडते का?" नाही गं बाई. बंदूक नाही, धाडी नाहीत. माझ्यासमोर दिवसभर एक्सेल असतं. एसीत बसते, डबा घरून नेते, साडेसहाला घरी असते. पगार आधीच्या कंपनीपेक्षा कमी आहे हे खरं, पण हेल्थ इन्शुरन्स चांगला आहे आणि आमचं नीट भागतं, त्याची काळजी करू नका.

काम काय ते बाबांना नीट सांगते, कारण त्यांना त्यातलं सगळं कळेल. इथे ड्रग्जच्या प्रश्नावर 19 खाती पैसा खर्च करतात. 2025 च्या आर्थिक वर्षासाठी मागणी 44.5 अब्ज डॉलरची होती, म्हणजे साधारण 3 लाख 70 हजार कोटी रुपये. निम्म्याच्या वर उपचार आणि प्रतिबंधासाठी, बाकी पोलीस, सीमा, समुद्र. वर्ष इथे 1 ऑक्टोबरला सुरू होतं. उन्हाळ्यात खात्यांचे आकडे आमच्याकडे येतात, ते पुरेसे आहेत की नाही यावर आमच्या डायरेक्टरांना लेखी दाखला द्यावा लागतो, कमी वाटले तर तसं सांगायचा अधिकार कायद्यानं आहे. हे ऑफिसच 1988 च्या कायद्यानं झालंय.

आणि बाबा, आकडे कसे असतात बघा. कोस्ट गार्डची एक बोट आज बुडणाऱ्याला वाचवते, उद्या मासेमारीवर लक्ष ठेवते, परवा कोकेनची बोट पकडते. मग त्या बोटीचं डिझेल, त्यावरच्या माणसांचा पगार, यातलं ड्रग्जचं बजेट किती? तास मोजतात, कुठल्या कामाला किती तास गेले त्या हिशोबानं खर्च वाटतात. म्हणजे ड्रग बजेट म्हणून जो एक मोठा आकडा छापून येतो त्यातला बराचसा असा वाटणीनं आलेला असतो. ही वाटणी कुठल्या पद्धतीनं केली ते खात्याला लिहून द्यावं लागतं आणि त्यांचे ऑडिटर ते तपासतात. पहिल्यांदा वाचताना मी मनात म्हटलं, हे बाबांना दाखवायला पाहिजे, ते लाल पेन घेऊन बसतील.

फोनवर तुम्ही मागे विचारलं होतंत, एवढा पैसा ओतून माणसं मरतायतच ना, मग तू तिथे काय करतेस. 2022 मध्ये सुरुवातीच्या अंदाजानुसार ओव्हरडोसनं 1 लाख 11 हजार माणसं गेली. 2023 चा असाच पहिला अंदाज 1 लाख 7 हजारांच्या वर होता, 2018 नंतर पहिल्यांदा आकडा खाली आला. बाबा, 2011 च्या जनगणनेत आपलं सातारा शहर 1 लाख 20 हजाराचं होतं. मी तो आकडा वाचते तेव्हा मला पोवई नाका दिसतो, मोती चौक दिसतो, आणि सगळं रिकामं.

मी काय करते ते तुम्हीच शिकवलंय. मी तिसरीत होते, मे महिना, तुम्ही टंचाईच्या कामांची तपासणी करत होतात आणि आई माहेरी होती म्हणून मला बरोबर नेलंत. फाईलीत 14 हातपंप पूर्ण. जीप मिळाली नाही, एसटीनं गेलो, पुढे चालत. प्रत्येक पंपाशी थांबून तुम्ही मला दांडा मारायला लावलात, तो माझ्या डोक्याच्याही वर होता, मी दोन्ही हातांनी लोंबकळायचे. सहाव्या की सातव्या पंपाशी एक बाई आम्हाला येताना बघून घरातून हंडा घेऊन आली, तोटीखाली लावला आणि उभी राहिली. मी मारतेय, मारतेय, नुसती खडखड. मग तुम्ही शर्टाच्या बाह्या वर करून मारलंत. ती शेवटपर्यंत हंडा उचलेना. तुम्ही डायरीत लिहिलंत, "पंप आहे. पाणी नाही." आणि परतीच्या एसटीत घरापर्यंत एक शब्द बोलला नाहीत.

इथे हेरॉइन, फेंटॅनिलसारख्या ड्रग्जच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन म्हणून एक औषध आहे, चांगलं काम करतं. 2022 च्या शेवटापर्यंत ते लिहून द्यायला डॉक्टरला वेगळी परवानगी लागायची. वर्षानुवर्षं अहवालात काय यायचं, तर परवानगी असलेले डॉक्टर इतके झाले. आणि त्यातले कितीतरी कुणाला औषध देतच नव्हते. आता ती परवानगीच काढून टाकलीये. म्हणून माझ्याकडे अहवाल आला, की इतक्या लोकांना ट्रेनिंग दिलं, इतकी सेंटर उघडली, की मी विचारते, किती जणांना गोळी मिळाली, सहा महिन्यांनी त्यातले किती अजून घेतायत. समोरची माणसं कधी वैतागतात. मला मात्र तो हंडा दिसत असतो.

बाळूकाकाबद्दल आपण घरात बोलत नाही, मीही जास्त लिहीत नाही. पण शेवटच्या दोन वर्षांत आजी त्याच्या खोलीबाहेर चटई टाकून झोपायची ते मला आठवतं. देव झाले, शपथा झाल्या, माळ घालून झाली, मारूनही झालं. व्यसन हा आजार आहे आणि त्याला औषध असतं असं आपल्याला कुणी सांगितलंच नाही. बाबा, तुम्ही त्याला त्या रात्री घराबाहेर काढलंत म्हणून अजून स्वतःला दोष देता, मला माहितीये. देऊ नका. तुमच्या हातात दुसरं काही नव्हतं.

गणपतीला यायला जमत नाहीये. 7 सप्टेंबरला गणपती आणि तेव्हाच खात्यांची बजेटं तपासायचं काम ऐन भरात, मी नवीन, सुट्टी मागू शकत नाही. गौरीचं आई तू एकटीनं ओढू नकोस, पुरणपोळ्या बाहेरून आण, कुणी नाव ठेवत नाही, मुखवटे दादा काढेल. मी जानेवारीत येते तीन आठवडे, ईराला घेऊन. यायच्या आधी ऑफिसला कळवावं लागतं एवढंच, अडवत कुणी नाही.

आता मी सांगते ते दोघांनी ऐका. बाबा, रक्त पातळ करायची गोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक दिवससुद्धा बंद करायची नाही, "आता बरं वाटतंय" हे कारण चालणार नाही. किल्ल्यावर थंडी पडली की उशिरा जायचं, अंधारात नाही, फोन खिशात हवा. आई, थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, चहा नंतर. माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर चढायचं नाही, गुडघ्याचं बघ आधी.

आणि हे फार महत्त्वाचं. कुणी फोन करून किंवा व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा ड्रेस घालून म्हणालं की तुमच्या आधारवर पार्सल आलंय आणि त्यात ड्रग्ज सापडलेत, तर एक अक्षर न बोलता फोन ठेवायचा. माझं नाव घेतील, तुमची मुलगी अडकलीये म्हणतील, तरी ठेवायचा. असे फोन करून लोकांना दिवसभर कॅमेऱ्यासमोर बसवतात आणि एफडी मोडायला लावतात. फोनवरून अटक होत नसते. आधी दादाला सांगा, मग 1930 वर, तो सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. हा नंबर मोठ्या अक्षरात लिहून फ्रीजवर लावा, आजच.

बाथरूममध्ये कमोडशेजारी आणि नळाखाली असे दोन दांडे लावायचे पैसे दादाकडे पाठवलेत. बाबा म्हणतील कशाला, अजून म्हातारे झालो नाही. नाहीच झालात. पण लावून घ्या आणि मला फोटो पाठवा.

बाबा, रागावला असाल तर रागवा, पण फोन आईकडे देऊ नका. रविवारी तुमच्या नऊ वाजता करते, चहा झाल्यावर. कोस्ट गार्डच्या त्या बोटीचे तास कसे वाटावेत यावर मला तुमच्याशी खरंच बोलायचंय.

तुमची,
मनू