होक्काइडोच्या हिमाची वाट दाखवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइडो बेटावरून पुण्याला परतल्यावर फोनवर आपले आभार मानले होते, पण सांगायचे होते त्यातले बरेच राहून गेले, म्हणून हे पत्र. ते सर्वांना वाचता येईल असे लिहायला आपण परवानगी दिलीत आणि आपले नाव कुठेही येऊ नये एवढीच अट घातलीत. ती पाळूनच लिहीत आहे.

एका ओळखीच्यांनी आपला पत्ता दिला, तेव्हा मी आपल्यासाठी पूर्णपणे अनोळखी होतो. गुलमर्गला स्नोबोर्डिंग, म्हणजे एकाच रुंद फळीवर उभे राहून हिमावरून घसरत उतरणे, शिकलो होतो आणि मऊ, कोरड्या, ताज्या हिमातून, म्हणजे ज्याला सगळे पावडर म्हणतात त्यातून, एकदा तरी मनसोक्त उतरावे अशी फार इच्छा होती. होक्काइडोतल्या निसेको या प्रसिद्ध स्कीइंगच्या गावात राहण्याचा खर्च किती येईल, एवढेच मी आपल्याला विचारले होते. त्यावर आपण दराचा आकडा न सांगता दोन प्रश्न विचारलेत: एकूण पैसे किती आहेत, आणि उतारावर थांबता, वळता कितपत येते? पुढची सगळी आखणी या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर उभी राहिली, आणि त्याबद्दल मी आपला सर्वांत जास्त ऋणी आहे.

गुलमर्गलाही उत्तम पावडर पडते, हे आपणही मान्य केलेत. पण तिथले मोठे हिमवर्षाव पश्चिमी विक्षोभांबरोबर, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवामानाबरोबर, येतात आणि दोन विक्षोभांमध्ये किती दिवस कोरडे जातील याचा नेम नसतो. होक्काइडोची गोष्ट वेगळी का, हे आपण इतक्या सोप्या शब्दांत समजावलेत की ते मी पुढे अनेकांना तसेच सांगितले आहे. हिवाळ्यात सायबेरियावरून अतिथंड, कोरडे वारे वायव्येकडून निघतात, त्या मानाने उबदार असलेल्या जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतात आणि किनाऱ्यालगतच्या डोंगरांना अडून वर चढले की ते सगळे बाष्प हिम होऊन खाली येते. वारे वाहत आहेत तोवर हे चक्र चालू राहते, त्यामुळे जानेवारीत तिथे जवळजवळ रोज थोडे तरी ताजे हिम पडते. थंडीमुळे त्यात ओलावा फार कमी असतो, आणि हातात घेतले तर ते रांगोळीसारखे बोटांमधून निसटते.

हे कळल्यावर आपली पुढची सूचना लगेच पटली: हिम सगळ्या पश्चिम होक्काइडोवर पडते, मग निसेकोसारख्या सर्वांत महागड्या गावात मुक्काम कशासाठी? सापोरो शहरात साध्या वसतिगृहात राहावे, आदल्या रात्री वाऱ्याचा आणि हिमवर्षावाचा अंदाज पाहावा आणि सकाळी त्यानुसार डोंगर निवडावा. १९७२ च्या हिवाळी ऑलिम्पिकमधल्या स्कीइंगच्या काही शर्यती ज्या तेइने डोंगरावर झाल्या, तो शहराच्या इतका जवळ आहे की लोकलने आणि मग बसने जाऊन संध्याकाळी परत येता येते. सापोरो कोकुसाई आणि किरोरो हे स्कीइंगचे डोंगरही एका दिवसात जाऊन येण्याजोगे. बसचे भाडे आणि लिफ्टचे तिकीट एकत्र मिळणाऱ्या योजना कशा शोधायच्या, हे आपण दाखवलेत, आणि निसेकोचा बेत एकाच दिवसाचा ठेवायला सांगितलेत. वारा जोराचा असला की वरच्या लिफ्ट बंद पडतात, अशा दिवशी उघड्या शिखरामागे न लागता झाडी असलेला, आडोशाचा डोंगर गाठावा, ही सूचना एका सकाळी थेट उपयोगी पडली.

तारखांबाबत आपण फार काटेकोर होतात. नववर्षाची सुटी टाळायची, जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारला जोडून येणारी सुटी टाळायची, चिनी नववर्ष आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीचा सापोरोचा हिमोत्सव यांच्या आधी परत निघायचे. उरला तो जानेवारीच्या मध्यानंतरचा छोटा काळ, ज्यात हिम भरपूर आणि खोल्यांचे दर मात्र आवाक्यात असतात. टोकियोपर्यंतचे तिकीट वेगळे आणि टोकियोच्या नारिता विमानतळापासून सापोरोजवळच्या शिन-चितोसे विमानतळापर्यंतचा प्रवास स्वस्त विमानसेवेने वेगळा, असे केल्यास दोन विमानांमध्ये पुरेसे तास मोकळे ठेवावेत, हेही आपणच बजावलेत. व्हिसाच्या अर्जाला दिवसवार कार्यक्रम जोडावा लागतो. तो आपण दिलेल्या आराखड्यावरून एका बैठकीत लिहून झाला.

सामानाचा विषय आपण एका वाक्यात संपवलात: बूट स्वतःचे आणा, कारण पायाला न बसणारे बूट दिवस वाया घालवतात, आणि बोर्ड तिथे भाड्याने घ्या, कारण खोल हिमासाठी पुढून रुंद आणि मागे निमुळता होत जाणारा बोर्ड लागतो आणि स्वस्त विमानात त्याच्या वजनाचे पैसे वेगळे पडतात. जेवणाचेही तसेच. सेइकोमार्ट या दुकानांमधला गरम भात, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातली खिचडी आणि सापोरोची प्रसिद्ध सूप करी, एवढ्यावर पोट उत्तम भरले. माझ्याबरोबरच्या शाकाहारी मित्रासाठी माशांचा दाशी (जपानी स्वयंपाकातला पातळ अर्क) कशाकशात असतो याची यादी आपण जपानीत लिहून पाठवलीत. ती दाखवली की दुकानदार स्वतः शोधून योग्य ते काढून देत.

मात्र दोन ठिकाणी आपण एक येनही वाचवू दिला नाहीत. पहिले विम्याचे. प्रवासविम्यात हिवाळी खेळ धरले आहेत का, आणि आखलेल्या उताराबाहेर गेल्यास काय, हे कंपनीकडून लेखी घ्या, असे आपण सांगितलेत. माझ्या आधीच्या पॉलिसीत ते नव्हते, म्हणून वेगळी घेतली. दुसरे वाटाड्याचे. उताराबाहेरच्या हिमात जायचेच असेल तर एक दिवस जाणकार वाटाड्या, हिमस्खलनात गाडलेल्याचा शोध घेणारे बीकन (संकेत देणारे यंत्र), प्रोब (हिमात खुपसायची लांब काठी) आणि फावडे, यांचे पैसे आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यात बाकीचे बसवायचे. निसेकोत आखलेल्या उताराबाहेर फक्त ठरलेल्या दरवाजांमधूनच जाता येते आणि ते बंद असतील तर दोरीखालून जाणे हा नियमभंग असतो, हे आपण दोनदा लिहिले होतेत. झाडांच्या बुंध्यांभोवतीच्या पोकळ्यांबद्दलही आपण फार गांभीर्याने सांगितलेत: खालच्या फांद्यांमुळे तिथे हिम घट्ट बसत नाही, डोके खाली होऊन कोणी त्यात पडला तर एकट्याने बाहेर येणे जवळजवळ अशक्य असते आणि श्वास कोंडतो. जोडीदार नेहमी नजरेच्या टप्प्यात ठेवण्याची सवय आम्हाला त्यामुळेच लागली.

किरोरोला गेलो त्या दिवशी रात्रभर हिम पडून गेले होते. भूर्जाच्या विरळ झाडीतून वजन किंचित मागच्या पायावर ठेवून पहिले वळण घेतले तेव्हा बोर्डाचा आवाजच आला नाही, हिम मांडीपर्यंत उसळले आणि वेग असूनही पायाखाली काही कठीण आहे असे जाणवलेच नाही. या एका उतरणीसाठी मी कितीतरी वर्षे थोडे थोडे पैसे साठवले होते. ते पैसे पुरले आणि योग्य जागी खर्च झाले, याचे श्रेय आपले आहे.

नाशिकचे दोन तरुण पुढच्या जानेवारीत निघणार आहेत. आपला आराखडा मी त्यांना दिला आहे, आणि आपले दोन प्रश्नही आधीच विचारले आहेत. त्यांतल्या एकाला वळणे अजून नीट जमत नाहीत, म्हणून त्याने आधी गुलमर्गला शिकून यावे असे ठरले आहे. त्यांचा दिवसवार कार्यक्रम तयार झाला की आपल्याकडे पाठवतो. सवडीने एकदा नजर टाकावी, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
पुण्याचा एक स्नोबोर्डर